भाडोत्री तलवार आणि साहसकथेचा करार

१

'भाडोत्री' हे विशेषण आपल्या समीक्षाव्यवहारात दोन नामांना हमखास चिकटते. एक सैनिक, दुसरी लेखणी. दोन्ही ठिकाणी त्यामागील गृहीत एकच असते. जे कृत्य निष्ठेपोटी व्हावयास हवे ते पैशासाठी झाले, म्हणून ते हीन ठरले. साहसकथा लिहिणारा लोकप्रिय लेखक आणि त्या कथेतील पगारी योद्धा यांना एकाच तुच्छतेने झटकून टाकणे त्यामुळे सोपे जाते. भाडोत्री सैनिकांविषयीच्या साहसकथांची शिफारस गंभीर वाचकाला करावयाची असेल, तर या दुहेरी तुच्छतेला आधी सामोरे जावे लागते.

प्रस्तुत लेख ही अशीच एक शिफारस आहे. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी साहसकथा आवडीने वाचतो, पण वर्गात आला की ती वाचल्याचे लपवितो, आणि वाचनाचा हा दुभंग त्याच्या अभ्यासाला मारक ठरतो. मात्र 'रंजक साहित्यही वाचावे' एवढे उदार विधान करून थांबण्यात अर्थ नाही. या कथांपैकी कोणत्या वाचाव्यात, कोणत्या निकषावर, आणि वाचताना कोणता आक्षेप जागा ठेवावा, हे सांगितल्याखेरीज शिफारशीला समीक्षेचा दर्जा येत नाही.

माझे प्रतिपादन असे आहे : भाडोत्री सैनिकाच्या साहसकथेचे मूळ आशयसूत्र शौर्य नसून करार हे आहे. ज्या कलाकृतीत करार, वेतन आणि हिशेब कथनाच्या केंद्राशी येतात, ती केवळ वाचनीय न राहता अभ्यसनीय होते. जी कलाकृती वेतन झाकून केवळ शौर्य मिरविते, ती कितीही वेगवान असली तरी आपल्या विषयापासून पळ काढीत असते.

२

हा निकष साहित्याबाहेरून आणलेला नाही, हे प्रथम दाखविले पाहिजे. मिखाईल बाख्तीन यांनी ग्रीक साहसकथेच्या विवेचनात 'साहसकाल' ही संकल्पना मांडली. या काळात वादळे, अपहरणे, युद्धे घडतात, परंतु नायक-नायिकांवर काळाची खूण उमटत नाही. कथा संपताना ती दोघे आरंभी होती तशीच असतात. सर्वसाधारण साहसकथेला हे वर्णन बऱ्याच अंशी लागू पडते. भाडोत्री सैनिकाची कथा मात्र या चौकटीत पूर्णपणे मावत नाही, कारण तिच्यातील काळ मोजलेला असतो. किती महिन्यांचा करार, किती थकबाकी, किती माणसे हजेरीपटावर उरली, या प्रश्नांनी तो काळ विभागलेला असतो. साहसकालाच्या पोकळीत येथे वेतनकाल शिरतो आणि त्याच्याबरोबर इतिहासही शिरतो.

या प्रकाराचे आद्य गद्य उदाहरण म्हणून झेनोफोनच्या 'अनाबासिस'कडे पाहावे. इ. स. पू. ४०१ मध्ये इराणच्या गादीसाठी धाकट्या सायरसने सुमारे दहा हजार ग्रीक सैनिक पगारावर घेतले. कुनाक्साच्या लढाईत सायरसच मारला गेला आणि करार करणारा पक्षच नाहीसा झाला. परमुलखात, मालकाविना उरलेल्या सैन्याचा समुद्रापर्यंतचा परतीचा प्रवास हा त्या ग्रंथाचा विषय. साहसाचा उगम येथे वीरवृत्तीत नसून कराराच्या भंगात आहे, ही गोष्ट पुढील सर्व परंपरेसाठी सूचक ठरते.

दुसरा मुद्दा हेतूचा. मॅकिआव्हेलीने 'द प्रिन्स'च्या बाराव्या प्रकरणात पगारी फौजांवर कठोर टीका केली आणि युरोपीय विचारात नागरिक-सैनिक विरुद्ध भाडोत्री सैनिक हा विरोध पक्का होत गेला. जिनीव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त मसुद्यातील ४७ व्या कलमाने भाडोत्री सैनिकाची व्याख्या सहा अटींनी बांधली. त्यांतील एक अट अशी, की लढ्यातील सहभागामागे मूलतः खाजगी लाभाची इच्छा असली पाहिजे. येथे कायदा अशा प्रदेशात पाऊल टाकतो जो त्याचा नाही. माणूस कशासाठी लढतो हे साक्षीपुराव्याने सिद्ध करणे कठीण. मनातील हेतूंची सरमिसळ दाखविणे हे कादंबरीचे काम. कायद्याला जे एका वाक्यात गृहीत धरावे लागते, ते कादंबरी तीनशे पानांत तपासून पाहू शकते. या प्रकाराकडे गंभीरपणे पाहण्याचे हे सबळ कारण आहे.

३

शिफारशीत पहिले नाव गुस्ताव्ह फ्लोबेरच्या 'सालाम्बो' (१८६२) या कादंबरीचे. पहिल्या प्यूनिक युद्धात रोमकडून हरलेल्या कार्थेजने आपल्या पगारी सैनिकांची बाकी चुकविली नाही आणि इ. स. पू. २४१ च्या सुमारास त्यांचे बंड उसळले. पॉलिबियसच्या इतिहासातील हा वृत्तांत फ्लोबेरने आधाराला घेतला. कादंबरीचा प्रारंभ हॅमिल्करच्या बागेतील सैनिकांच्या मेजवानीने होतो. ही मेजवानी म्हणजे न दिलेल्या पगाराची सारवासारव आहे, आणि तिच्यातूनच विध्वंस सुरू होतो.

या कादंबरीतील एका प्रसंगाकडे विद्यार्थ्यांनी आवर्जून लक्ष द्यावे. प्रत्येकी एक सोन्याचे नाणे देऊन सिक्का येथे पाठविलेल्या सैनिकांसमोर कार्थेजचा सुभेदार हॅनो भाषण करतो. नगराची तिजोरी रिकामी असल्याचे तो प्यूनिक भाषेत सांगतो, पण नाना देशांतून आलेल्या सैनिकांना ती भाषा कळत नाही. अशा वेळी स्पेंडियस हा पळालेला गुलाम दुभाषा म्हणून पुढे होतो आणि हॅनोने न उच्चारलेले अपमान त्याच्या तोंडी घालतो. बंडाला या खोट्या भाषांतराने धार येते. देणे-घेणे ही भाषेवर उभी असलेली व्यवस्था आहे आणि दुभाषा फिरला की ती कोसळते, हे फ्लोबेर एका दृश्यात दाखवितो. सैनिकांच्या मागण्याही हिशेबाच्या भाषेतच वाढत जातात. आधी पगार, मग मेलेल्या घोड्यांची किंमत, मग धान्याची. हाव आणि न्याय यांच्यातील सीमारेषा नेमकी कोठे ओलांडली गेली हे वाचकाला सांगता येत नाही, कारण पहिली मागणी निखालस न्याय्य होती.

'सालाम्बो'वरील जॉर्ज लुकाच यांचा आक्षेप प्रसिद्ध आहे. 'ऐतिहासिक कादंबरी' या १९३७ च्या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादिले, की येथे इतिहास हे भव्य पण निर्जीव नेपथ्य झाले आहे. वस्तू, वस्त्रे, रत्ने यांचे वर्णन जिवंत आहे, परंतु त्या जगाचा आपल्या जीवनाशी नाते जोडणारा दुवा तुटलेला आहे. सेंत-बव्हनेही १८६२ मध्येच या दूरस्थतेची तक्रार केली होती आणि फ्लोबेरने तिला सविस्तर उत्तर दिले होते. लुकाच यांचा आक्षेप पुष्कळसा मान्य करूनही एक गोष्ट नोंदवावी लागते. सालाम्बो आणि माथो यांच्या प्रेमकथेवर लक्ष ठेवले तर कादंबरी सजावटीची वाटते. थकबाकीच्या कथेवर लक्ष ठेवले तर ती सजावट सार्थ होते. ज्या नगराकडे इतकी रत्ने आहेत त्याने रिकाम्या तिजोरीची सबब सांगावी, हा विरोध त्या वर्णनांतूनच उभा राहतो. लुकाच ज्या आर्थिक संबंधांच्या शोधात होते, ते वस्तूंच्या त्या याद्यांतच दडलेले होते.

४

रुडयार्ड किपलिंगची 'द मॅन हू वुड बी किंग' (१८८८) ही दीर्घकथा आकाराने लहान, पण या प्रकाराच्या अभ्यासाला सर्वांत सोयीची आहे. डॅनियल ड्राव्हॉट आणि पीची कार्नेहन हे दोघे माजी सैनिक वीस मार्टिनी बंदुका घेऊन काफिरीस्तानात राज्य स्थापावयास निघतात. तेथील टोळ्यांना कवायत शिकवून शेजाऱ्यांविरुद्ध लढवायचे हे त्यांचे भांडवल. निघण्यापूर्वी एका वृत्तपत्राच्या कचेरीत, संपादकाच्या साक्षीने, ते आपसांत एक लेखी करार करतात. दोघांनी मिळून राजे व्हायचे, काम फत्ते होईपर्यंत मद्य व स्त्री यांपासून दूर राहायचे, आणि एकावर संकट आले तर दुसऱ्याने त्याच्यापाशी उभे राहायचे.

हा करार प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटतो. दोन कफल्लक माणसे एका साम्राज्याच्या वाटपाचा दस्तऐवज करतात, यात उघड उपहास आहे. परंतु कथेची सारी गती या दस्तऐवजाच्या कलमांनुसारच होते. ड्राव्हॉट राणी करू पाहतो, म्हणजे दुसरे कलम मोडतो. वधू त्याला चावते, रक्त येते आणि तो देव नसल्याचे लोकांना कळते. मात्र तिसरे कलम मोडले जात नाही. सुटण्याची मोकळीक मिळूनही पीची मित्राला सोडीत नाही. या कथेतील नैतिकता साम्राज्याकडून येत नाही, धर्माकडून तर नाहीच. ती दोघा भामट्यांनी स्वतःवर घालून घेतलेल्या अटींतून येते. कराराच्या बाहेर उभ्या असलेल्या काफिरीस्तानच्या लोकांना या नैतिकतेत जागा नाही, ही तिची मर्यादा किपलिंग उघडपणे सांगत नाही. कथेचा शेवट मात्र ती सुचवितो.

कराराचे हेच सूत्र फ्रेडरिक फोर्साइथच्या 'द डॉग्ज ऑफ वॉर' (१९७४) या कादंबरीत आधुनिक भांडवलशाहीच्या पातळीवर येते. खाणसम्राट सर जेम्स मॅन्सनला झांगारो या कल्पित आफ्रिकी देशातील डोंगरात प्लॅटिनम असल्याचे कळते. सरकार उलथून आपला बाहुला बसविण्यासाठी तो कॅट शॅनन या भाडोत्री सैनिकाला नेमतो. लढाई पाहावयास उत्सुक असलेल्या वाचकाला येथे मोठी प्रतीक्षा करावी लागते. कादंबरीचा बराचसा भाग तयारीच्या शंभर दिवसांना दिला आहे. बँकांतील खाती, नावापुरत्या कंपन्या, शस्त्रखरेदीची प्रमाणपत्रे, जहाज, गणवेश, रबरी होड्या यांचा तपशील पानोपानी येतो. प्रत्यक्ष हल्ला अखेरच्या भागात येतो आणि तुलनेने लवकर आटोपतो.

या रचनेला कंटाळवाणी म्हणणारे वाचक आहेत. मला तीच या कादंबरीची खरी कमाई वाटते. हिंसा ही गोळी सुटण्याच्या क्षणी घडत नाही. ती पावत्यांतून, सह्यांतून, जकातीच्या कागदांतून जमा होत जाते आणि त्या कागदांवर सह्या करणारे बहुतेक लोक सभ्य, कायदा पाळणारे असतात. ही जाणीव फोर्साइथने तपशिलांच्या साठ्यातून दिली आहे. बियाफ्राच्या युद्धाचे त्याने केलेले वार्तांकन (ते युद्ध १९६७ ते १९७० चालले) येथे कामी आले आहे. आपण पैशासाठी लिहितो हे तो मोकळेपणाने सांगत असे. लेखणी आणि तलवार या दोन्ही भाडोत्रींची गाठ या पुस्तकात अशी पडते. मार्च २००४ मध्ये विषुववृत्तीय गिनीतील सत्ता उलथण्यासाठी निघालेले विमान हरारे येथे अडविले गेले, तेव्हा अनेकांना या कादंबरीची आठवण झाली. झांगारोचे मूळ त्याच देशात असल्याचे मानले जाते.

परंतु शिफारस करताना दोन आक्षेप नोंदविणे भाग आहे. पहिला असा, की ज्या देशाची उलथापालथ होते त्यातील माणसांना कादंबरीत आवाज जवळजवळ नाही. झांगारो हा एक नकाशा आहे. दुसरा आक्षेप रचनेसंबंधी आहे. शॅनन प्रथमपासून दुसऱ्याच, पदभ्रष्ट पण उदात्त अशा आफ्रिकी सेनानीसाठी काम करीत होता हे अखेरीस उघड होते. मॅन्सन फसतो आणि वाचक सुखावतो. पण त्याच क्षणी कादंबरी आपल्या कठोर विषयाला दगा देते. पैशासाठी लढणाऱ्या माणसाला समजून घेण्याऐवजी ती त्याला ध्येयवादी ठरवून वाचविते. भाडोत्री सैनिक वस्तुतः भाडोत्री नव्हताच, असे सांगणे म्हणजे प्रश्नाचे उत्तर देणे नव्हे. आर्थर कॉनन डॉइलने 'द व्हाइट कंपनी' (१८९१) मध्ये चौदाव्या शतकातील लुटारू पलटणींवर सरदारी औदार्याचे पांघरूण घातले होते. फोर्साइथचा शेवट त्याच पांघरुणाचा आधुनिक अवतार आहे.

५

या प्रकाराशी मराठी वाचकाचे नाते केवळ ग्राहकाचे नाही. बर्नार्ड कॉर्नवेलच्या 'शार्प्स ट्रायम्फ' (१९९८) या कादंबरीत अहमदनगरचा वेढा आणि २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई येते. इंग्रजी साहसकथेच्या एका अत्यंत लोकप्रिय मालिकेतील ही कादंबरी आपल्याच भूमीवर घडते. तिच्यातील प्रतिपक्षाचे नेतृत्व दौलतराव शिंद्यांच्या कवायती कंपूंचा हॅनोव्हरवासी सेनापती अँटनी पोलमन याच्याकडे आहे. कंपनीच्या सैन्यातून पळून आलेला डॉड हा खलनायक. कादंबरीच्या मध्यभागी पोलमन सार्जंट शार्पला शिंद्यांच्या चाकरीत अधिकारपद देऊ करतो. शार्पला मोह होतो. पुढे असईच्या रणांगणावर वेलस्लीचे प्राण वाचविल्याबद्दल त्याला इंग्रज सैन्यात अधिकारपद मिळते.

आपण हे पुस्तक वाचावे आणि एक प्रश्न विचारावा. या दोन अधिकारपदांत नेमका फरक कोणता? शिंद्यांचे पद स्वीकारले असते तर शार्प भाडोत्री ठरला असता. वेलस्लीने दिलेले पद घेतल्यावर तो वीर ठरतो. पण असईत वेलस्लीच्या बाजूने राजाच्या पलटणींबरोबर मद्रासच्या शिपायांच्या पलटणी लढल्या, आणि त्यांचा पगार एक व्यापारी कंपनी देत होती. भागधारकांना लाभांश देणाऱ्या संस्थेची पगारी फौज 'आपली' आणि एका राज्यकर्त्याची पगारी फौज 'भाडोत्री', हे वर्गीकरण कादंबरीने गृहीत धरले आहे, तपासलेले नाही. साहसकथेची विचारसरणी अशा न तपासलेल्या वर्गीकरणांत वास करते. कॉर्नवेलची युद्धवर्णनाची ताकद मान्य करूनही हे दाखविता येते. किंबहुना ती मान्य केल्यावरच ते दाखविण्याला अर्थ येतो.

येथे आपल्या भाषेतील शब्दांकडे वळले पाहिजे. स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. दोघेही वेतन घेत, दोघांनाही कोणी भाडोत्री म्हणत नसे. डर्क कोल्फ यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात पंधराव्या ते एकोणिसाव्या शतकातील हिंदुस्थानच्या लष्करी श्रमबाजाराचे जे चित्र रेखाटले, त्यात 'नोकर' हा शब्द अप्रतिष्ठेचा नाही. शेतकरी हंगामाबाहेर शस्त्र घेऊन चाकरीला निघे आणि चाकरीतून प्रतिष्ठाही मिळवी. या जगात वेतनाचे नैतिक रूप 'मीठ' हे होते. खाल्ल्या मिठाला जागणे या वाक्प्रचारात पैसा आणि निष्ठा यांचा विरोध नाही. वेतनातूनच तेथे निष्ठा उपजते. युरोपीय विचाराने ज्या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध उभ्या केल्या, त्यांना आपल्या भाषेने एका शब्दात बांधले होते.

हा बंध निर्दोष होता असे मात्र नाही. 'गारदी' या शब्दाची आपल्या स्मृतीतील दोन रूपे पाहावीत. निजामाच्या चाकरीतून पेशव्यांकडे आलेला इब्राहिमखान गारदी १७६१ मध्ये पानिपतावर अखेरपर्यंत लढला आणि पाडाव झाल्यावर मारला गेला. बारा वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात पगाराच्या तगाद्याचे निमित्त करून शिरलेल्या गारद्यांनी नारायणरावांचा खून केला. एकच पेशा, एकच कवायत, एकच नाव. एकदा ते निष्ठेची परिसीमा होते, एकदा विश्वासघाताची. 'ध'चा 'मा' झाल्याची आख्यायिका तर साहित्याभ्यासकाला विशेष बोलकी वाटावी. आख्यायिकेनुसार धरण्याचा हुकूम मारण्याचा झाला तो एका अक्षराने. फ्लोबेरच्या स्पेंडियसने केलेले खोटे भाषांतर आणि हा बदललेला 'ध' यांचा कार्यकारणभाव एकच आहे. पगारी शस्त्र संहितेवर चालते, आणि संहिता ज्याच्या हाती आहे त्याच्याकडे गुन्ह्याचा मोठा वाटा जातो. लोकस्मृतीने गारद्यांहून त्या अक्षरालाच अधिक लक्षात ठेवले, ही तिची समीक्षकबुद्धीच म्हणावी लागेल.

मराठी ऐतिहासिक कादंबरीने या सामग्रीचे काय केले? विश्वास पाटील यांच्या 'पानिपत' (१९८८) मध्ये इब्राहिमखानाला ठळक स्थान आहे. परंतु तो स्वामिनिष्ठेचा आदर्श म्हणून वंदनीय होतो. गारद्याची स्वतःची दृष्टी, त्याचा थकलेला रोजमुरा, दोन मालकांमधील त्याचा प्रवास हे कथनाचे केंद्र होत नाही. महादजी शिंद्यांच्या चाकरीत १७८४ मध्ये आलेल्या बन्वा द ब्वाञ याचे उदाहरण घ्यावे. सव्हॉयमधील शांबेरी गावच्या या माणसाने आधी फ्रान्सची आणि रशियाची चाकरी केली होती. त्याच्या कवायती पलटणींनी १७९० मध्ये पाटण आणि मेडता येथे विजय मिळविले. त्या पलटणींच्या विश्वासार्हतेमागे नेमून दिलेल्या मुलखाच्या उत्पन्नातून वेळेवर मिळणारा पगार होता. अशा पलटणीतील एखाद्या हिंदुस्थानी शिपायाच्या नजरेतून लिहिलेली कादंबरी आपल्याकडे असती, तर असईत युरोपीय अधिकाऱ्यांपैकी अनेक जण चाकरी सोडून गेल्यावरही शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी का पडले, हे तिने विचारले असते. त्यांचा मोबदला कोणता होता? मीठ, पलटणीचा अभिमान, की दुसरा मार्गच नसणे? इतिहासाच्या कागदांत या प्रश्नाचे उत्तर पुरेसे मिळत नाही. म्हणूनच तो कादंबरीचा प्रश्न आहे.

६

अखेरची शिफारस अद्भुतकथेतून. अमेरिकी लेखक ग्लेन कुक यांच्या 'द ब्लॅक कंपनी' (१९८४) या कादंबरीपासून सुरू होणारी मालिका एका काल्पनिक जगातील पगारी पलटणीची कथा सांगते. निवेदक क्रोकर हा पलटणीचा वैद्य आणि तिच्या वृत्तांताचा लेखक. ही पलटण ज्यांची चाकरी करते ते पक्ष सज्जनांचे नाहीत, आणि हे निवेदकाला ठाऊक आहे. तो जे पाहतो त्यातले बरेचसे लिहितो आणि काही मुद्दाम गाळतो. हे गाळणे तो कबूलही करतो.

मराठी वाचकाला येथे बखरीची आठवण व्हावी. कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली ती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. बखरकार हा चाकर होता आणि त्याचे सत्य चाकरीच्या चौकटीतले होते. कुकचा निवेदकही चाकरच आहे, पण तो मालकासाठी नव्हे तर पलटणीसाठी लिहितो. त्याच्या वृत्तांताचे प्रयोजन एकच, मेलेल्या माणसांची नावे राहावीत. ज्यांच्यासाठी कोणतेही राष्ट्र स्मारक उभारणार नाही, त्यांनी स्वतःची बखर स्वतः ठेवणे, ही कल्पना या मालिकेचे नैतिक केंद्र आहे. मात्र त्या बखरीत पलटणीने मारलेल्यांची नावे नसतात. निवेदकाच्या तोडक्या, थकल्या गद्यातून या अनुपस्थितीची टोचणी जाणवत राहते. युद्धाचे सौंदर्यीकरण न करणारी शैली म्हणून हे गद्य अभ्यासावे.

७

जून २०२३ मध्ये रशियातील वाग्नेर या खाजगी सैन्याने आपल्याच आश्रयदात्यांविरुद्ध मॉस्कोच्या दिशेने कूच केले, आणि दोन महिन्यांनी त्याचा प्रमुख विमान कोसळून मरण पावला. बागेतील मेजवानीने सुरू होणारी फ्लोबेरची कादंबरी ज्याने वाचली होती, त्याला या घटनेत अपरिचित असे थोडेच होते. संयुक्त राष्ट्रांचा भाडोत्री सैनिकांविरुद्धचा करार १९८९ मध्ये संमत झाला आणि २००१ मध्ये अमलात आला, तरी हा पेशा संपला नाही. त्याने कंपनीचे, सल्लागाराचे, सुरक्षारक्षकाचे वेष धारण केले. विषय जिवंत आहे, एवढाच याचा अर्थ.

साहसकथेवरील सर्वांत गंभीर आक्षेप असा असतो, की ती हिंसेचा आनंद देते आणि त्याची किंमत लपविते. हा आक्षेप मी फेटाळत नाही. उलट तोच वाचनाचा निकष करावा असे सुचवितो. वर शिफारस केलेल्या पाचही कृतींत किंमत सांगितलेली आहे, निदान एका बाजूची. 'सालाम्बो'त ती थकबाकी आहे, किपलिंगमध्ये कराराचे कलम, फोर्साइथमध्ये पावती, कुकमध्ये मृतांची यादी. कॉर्नवेलमध्ये ती दोन अधिकारपदांच्या तुलनेत आहे, पण वाचकाला स्वतः मांडावी लागते. पुस्तक हाती घेताना विद्यार्थ्याने तीन गोष्टी विचाराव्यात. पैसे कोण देतो? हिशेब कोण लिहितो? आणि त्या हिशेबात कोणाचा मृत्यू धरलेला नाही? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चांगली साहसकथा स्वतःच देते. तिसऱ्याचे उत्तर यांपैकी एकीतही पुरतेपणी मिळत नाही. ते शोधण्याचे काम समीक्षेचे आहे. आणि शनिवारवाड्यातील आख्यायिका ज्या भाषेत वाढली, त्या भाषेच्या वाचकाला ते काम अनोळखी वाटू नये.